पहिला ग्लास ओट्यापाशी: दोघांच्या वाइन-जेवणाची आखणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीतलं जोडपं, फेब्रुवारीत लग्नाला १० वर्षं होतायत. सात वर्षांची मुलगी त्या रात्री आजीकडे राहणार आहे. हॉटेलचा खर्च झेपत नाही आणि गर्दीत बसायचं मनही नाही. बजेट २,००० रुपये. बायको मालवणकडची, मासे जिवापाड आवडतात आणि तिखटही. नवऱ्याने आजवर दोनदाच वाइन घेतली आणि दोन्ही वेळा ती त्याला आंबट लागली. तो विचारतोय की घरच्या घरी वाइन आणि जेवणाची एक छान संध्याकाळ कशी जमवायची, आणि एवढ्या पैशांत ती होईल का.

होईल, आणि चांगली होईल. मी १७ वर्षं नाशिकच्या वाइनबरोबर काम करते आहे. आधी एका वायनरीत आलेल्या पाहुण्यांना वाइन चाखवायचं काम केलं, नंतर पुण्यात लोकांच्या घरी जाऊन दोन-चार माणसांची वाइन-जेवणं आखून देऊ लागले. पाचशे रुपयांत रंगलेल्या संध्याकाळी पाहिल्या आहेत आणि वीस हजारांत फसलेल्याही. फसण्याचं कारण पैसा कधीच नव्हता.

एक प्रसंग सांगते. पुण्यात एका घरी लग्नाच्या वाढदिवसाचं जेवण मी आखून दिलं होतं. पाच पदार्थ, तीन वाइन, सगळी जोडी अचूक. गृहिणीला स्वतःच्या हाताने करायचं होतं, म्हणून स्वयंपाकात मी फक्त यादी आणि कृती दिल्या. त्या बाई रात्रभर गॅसपाशी होत्या. तळून आणायचं, नवऱ्याच्या पानात वाढायचं, परत आत. दहा वाजता मी ग्लास आवरायला घेतले तेव्हा त्यांच्या जागेवर तीनही ग्लास भरलेले होते, एकही घोट न घेतलेले. चूक माझी होती. मी वाइनला साजेसे पदार्थ निवडले होते, त्या दोघांना एकत्र बसता येईल असे निवडले नव्हते.

आपल्याकडे प्रेमाने वाढणं म्हणजे तव्यावरून थेट ताटात. पोळी फुगली की पानात, मासा कुरकुरीत असताना पानात. त्यात करणारा माणूस शेवटी आणि एकटा जेवतो. दोघांची संध्याकाळ आखताना आधी हे मोडायला लागतं. म्हणून माझा पहिला नियम असा: बसल्यानंतर दोघांपैकी कुणालाही पाच मिनिटांपेक्षा जास्त उठायला लागेल असा एकही पदार्थ ठेवायचा नाही. आणि तळणीचा मोह आवरत नसेल (मासे खाणाऱ्या घरात तो आवरूही नये), तर टेबल सोडा आणि पहिला ग्लास ओट्यापाशीच घ्या. एकाने तळायचं, दुसऱ्याने शेजारी उभं राहून लिंबू पिळायचं, आणि कढईतून निघालेला तुकडा दोघांनी तिथेच उभ्याने खायचा. मी आखलेल्या जेवणांत लोकांना सगळ्यात जास्त लक्षात राहिलेला भाग हाच आहे.

आता वाइन आंबट का लागली, ते बघू, कारण ते सुटल्याशिवाय बाटली निवडण्यात अर्थ नाही. बहुधा दोन गोष्टी झाल्या असतील. एक, वाइन पुरेशी गार नव्हती. दोन, ती केकबरोबर किंवा नुसत्या पोटी घेतली. गोड पदार्थ तोंडात असताना कोरडी, म्हणजे गोड नसलेली, वाइन प्यायलात, तर ती हटकून आंबट आणि कडवट लागते. आपल्याकडे वाढदिवसाला आधी केक कापतात आणि मग ग्लास हातात देतात, त्यामुळे कितीतरी लोकांची वाइनशी पहिली ओळखच बिघडते. उलट मीठ आणि लिंबू जिभेवर असेल तर तीच वाइन मऊ होते, तिच्यातला फळाचा वास पुढे येतो. तिखट मात्र वाइनमधल्या अल्कोहोलमुळे आणखी भडकतं.

हे वाचून कळत नाही, करून कळतं. म्हणून संध्याकाळची सुरुवात चार वाट्यांनी करा. एका वाटीत मीठ, एकात लिंबाची फोड, एकात साखर, एकात चिमूटभर लाल तिखट. आधी वाइनचा एक घोट नुसता घ्या. मग साखर चाखून घोट. मग पाणी पिऊन, मीठ आणि लिंबू एकत्र चाटून घोट. शेवटी तिखट. तुम्ही डोळे मिटा, ती वाटी निवडेल आणि तुम्ही ओळखा. मग उलट. दहा मिनिटं लागतात, खर्च शून्य, आणि समोरचा माणूस घोट घेतल्यावर तोंड कसं करतो हे बघण्यात जी जवळीक येते ती मेणबत्त्यांनी येत नाही. १० वर्षांच्या संसारात आपण एकमेकांची चव गृहीत धरलेली असते. माझ्या अनुभवात या खेळात निम्म्या जोडप्यांना एकमेकांबद्दल काहीतरी नवीन कळतं. कुणाला कडू आवडतं, कुणाला आंबट सहन होत नाही, असं काहीतरी.

बाटली. तुमच्या जेवणाला मी नाशिकची चेनिन ब्लाँ निवडेन. ही पांढरी वाइन, आपल्याकडे बहुतेक वेळा किंचित गोडसर वळणाची करतात, पेरू-अननसासारख्या फळांचा वास असतो आणि आंबटपणा ताजा असतो, बोचरा नसतो. तो किंचितसा गोडवा मालवणी तिखटाला सांभाळून घेतो. सुला वायनरीची आहे, यॉर्क वायनरीची आहे, इतरही आहेत. महाराष्ट्रात हजार रुपयांच्या आत मिळायला अडचण येऊ नये. परदेशी बाटलीच्या मागे लागू नका. आयात वाइनवर कितीतरी वर्षं १५० टक्के सीमाशुल्क होतं, त्यामुळे आपल्या दुकानात हजार-बाराशेला जी परदेशी वाइन दिसते ती तिच्या देशातली अगदी साधी वाइन असते. तेवढ्याच पैशांत नाशिकची वाइन बरीच वरच्या दर्जाची येते, आणि तीही ताजी. द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्च या काळात उतरतात. आपल्या हवामानात वेल वर्षातून दोनदा छाटतात, उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा, आणि घड फक्त दुसऱ्या छाटणीचे घेतात. म्हणजे तुम्ही फेब्रुवारीत ग्लास उचलाल तेव्हा दिंडोरीकडच्या मळ्यांत पुढच्या बाटलीची तोडणी चालू असेल. हे बायकोला सांगा, तिला आवडेल.

दुकानात तीन गोष्टी बघा. लेबलवर द्राक्षाचं वर्ष असतं. साध्या पांढऱ्या वाइनसाठी अलीकडचं वर्ष घ्या, जुनं म्हणजे भारी हा समज इथे लागू नाही. बाटली दर्शनी काचेत उन्हात उभी असेल तर ती घेऊ नका, आतली किंवा फ्रिजमधली मागा. आणि झाकण बघा. नाशिकच्या बऱ्याच पांढऱ्या वाइनना फिरकीचं झाकण असतं, पण बूच असेल तर ओपनर त्याच दुकानातून घ्या. रात्री आठ वाजता स्क्रू आणि पकडीने बूच उपसणारी जोडपी मी पाहिली आहेत. तुकडे बाटलीत पडतात आणि मन खट्टू होतं. कायद्याने महाराष्ट्रात मद्य घ्यायला परवाना लागतो, एका दिवसाचा परवाना दुकानातच मिळतो, तो मागून घ्या. तारीखही तपासा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी आणि मतदानाच्या आसपासचे दिवस ड्राय डे असतात. त्याच दिवशी तुमचा वाढदिवस असेल तर बाटली दोन दिवस आधी घरात हवी.

गारवा हा या सगळ्यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठा फरक करणारा भाग आहे. चेनिन साधारण ८ ते १० अंशांना प्यायची असते. घरचा फ्रिज ४-५ अंशांचा, म्हणजे बाटली दुपारी चार वाजता आत गेली पाहिजे आणि ओतायच्या दहा मिनिटं आधी बाहेर आली पाहिजे. फ्रिजच्या दारात ठेवू नका, आत आडवी ठेवा. उशीर झाला तर पातेल्यात बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून त्यात बाटली मानेपर्यंत बुडवा. २० मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फाने होत नाही, पाणी हवंच, कारण बाटलीला सगळ्या बाजूंनी गारवा पाणीच पोचवतं. ग्लासात बर्फ टाकायचा नाही. वाइन पातळ होते आणि मग खरंच आंबट पाण्यासारखी लागते. ग्लास अर्ध्याहून कमी भरायचा, संपला की पुन्हा. बाटली मधल्या वेळात परत फ्रिजमध्ये.

लाल वाइनबद्दलही इथेच सांगून टाकते, कारण ही चूक मोठमोठ्या हॉटेलांत होते. 'लाल वाइन खोलीच्या तापमानाला' हा सल्ला युरोपातल्या गार दगडी घरांचा आहे, तिथली खोली १६-१८ अंशांची. डोंबिवलीत फेब्रुवारीच्या संध्याकाळीही खोली २५ च्या पुढे असते. लाल वाइनही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवूनच प्या. नाहीतर अल्कोहोल नाकात जातं आणि बाकी काही कळत नाही.

आता जेवण. फेब्रुवारी असल्यामुळे मासे मिळतील. ज्यांचा वाढदिवस जून-जुलैत येतो त्यांनी लक्षात ठेवा, १ जूनपासून जवळजवळ दोन महिने आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. तेव्हा गोठवलेल्या सुरमईवर पैसे घालवण्यापेक्षा शाकाहारी बेत चांगला.

तुमच्यासाठी दोनच पदार्थ: बोंबील फ्राय आणि नारळाच्या रसातली कोळंबी. पापलेट नको. ते महाग आहे, आणि दोन हजारांत बाटलीचे पैसे वजा जाता पापलेट बसवायचं तर छोटं आणि शिळं पदरात पडतं. ताजे बोंबील स्वस्त, आणि गार चेनिनबरोबर मला ते पापलेटपेक्षा आवडतात. कुरकुरीत कड, आत लोण्यासारखं मऊ, मीठ-लिंबू वरून. वाट्यांच्या खेळात तुम्ही जे शिकलात तेच इथे पानात येतं. पांढरी वाइन घ्यायला आणखी एक कारण आहे: लाल वाइनमध्ये लोह जास्त असेल तर माशाच्या तेलाशी त्याची गाठ पडते आणि तोंडात उग्र, हिवस वास मागे राहतो. 'माशाबरोबर लाल वाइन नको' या जुन्या म्हणण्यात एवढं तथ्य नक्की आहे.

बोंबील दुपारीच साफ करून मधला काटा काढून उघडे करा, फडक्यात गुंडाळा आणि वर पोळपाट ठेवून त्यावर वजन ठेवा. तास-दीड तासात पाणी निघून जातं, तळताना ते मोडत नाहीत. मग हळद, मीठ, आलं-लसूण आणि कोकमाचं आगळ लावून फ्रिजमध्ये. लाल तिखट नेहमीच्या निम्मं घाला. तुमच्या बायकोला हे अळणी वाटेल याची मला कल्पना आहे. तिच्यासाठी ठेचा वेगळ्या वाटीत ठेवा. ज्या घासाबरोबर वाइन घ्यायची नाही त्या घासाला ती तो लावेल. तिखटाची लय तिची तिला ठरवू द्या. तळायच्या वेळी तांदळाचं पीठ आणि बारीक रवा एकत्र करून घोळवायचं, आणि शॅलो फ्राय.

कोळंबीचा रस्सा दुपारीच जवळजवळ तयार ठेवता येतो, म्हणून मी ती निवडली. खोबरेल तेलात कांदा परतायचा, हळद, आलं, दोन हिरव्या मिरच्या उभ्या चिरून, नारळाचं पातळ दूध, दोन-तीन कोकमं. एक उकळी आली की गॅस बंद. कोकमं अर्ध्या तासाने काढून टाका, नाहीतर रात्रीपर्यंत आंबटपणा वाढत जातो आणि वाइन फिकी पडते. रात्री बसायच्या आधी रस्सा गरम करायचा, त्यात साफ केलेली कोळंबी आणि घट्ट दूध घालायचं आणि मंद आचेवर तीन-चार मिनिटं. कोळंबी वळली आणि गुलाबी झाली की उतरवा. जास्त शिजली की रबर. भात आधी करून कुकरमध्येच गरम राहील. घावन आवडत असतील तरी या दिवशी नकोत, कारण घावन म्हणजे कुणीतरी तव्यापाशी. सोलकढी जेवण संपल्यावर. लसूण आणि आमसुलाच्या त्या जोरापुढे कोणतीही वाइन टिकत नाही, आणि सोलकढीला वाइनच्या आड येऊ देणं हा सोलकढीचा अपमान आहे.

गोडाला त्या दिवसांत महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी मिळतात. धुऊन, कापून, वर थोडी साखर, अर्धा तास तशाच. पण वाइन संपवून मगच त्या घ्या. वाइन आणि स्ट्रॉबेरी एकत्र घेण्याचं चित्र सुंदर दिसतं आणि चवीला वाईट लागतं. चॉकलेटचंही तेच. कोरड्या वाइनबरोबर चॉकलेट मी कुणालाही सुचवत नाही.

हिशोब असा पडतो: बाटली हजाराच्या आत, बोंबील, कोळंबी, नारळ आणि स्ट्रॉबेरी मिळून सात-आठशे, बाजार कसा असेल त्यावर पन्नास-शंभर इकडे तिकडे. उरलेल्यात फुलं.

फुलांचं मात्र ऐका. वाइनमध्ये जे आहे त्यातलं बरंचसं नाकाने कळतं. उदबत्ती, सुगंधी मेणबत्त्या, रूम फ्रेशनर, अंगावर फवारलेला परफ्यूम, यातलं काहीही असेल तर हजार रुपयांची बाटली आणि दोनशेची बाटली सारखीच लागते. मोगऱ्याचा गजरासुद्धा. गजरा आणायचाच असेल तर अबोलीचा आणा. अबोलीला वास नसतो, रंग मात्र दिव्याच्या उजेडात असा खुलतो की बघत राहावं. ट्यूबलाइट बंद करून कोपऱ्यातला एखादा छोटा दिवा, नाहीतर बिनवासाची साधी मेणबत्ती पुरे. तळणीचा वास घरभर फिरू नये म्हणून स्वयंपाकघराची खिडकी आधीच उघडी ठेवा.

ग्लास विकत घेऊ नका. घरातले काचेचे, तोंडाशी किंचित आत वळलेले कुठलेही ग्लास चालतात. सरबताचे चालतात. स्टीलचे मात्र नकोत, त्यात रंग दिसत नाही आणि वास धरला जात नाही. भांड्याच्या साबणाचा वास ग्लासात राहतो, म्हणून गरम पाण्याने विसळून उपडे करून वाळवा, फडक्याने पुसू नका.

तुमच्या संध्याकाळचा क्रम मी असा लावीन. चारला बाटली आत, बोंबील वजनाखाली, रस्सा तयार. सहापर्यंत स्वयंपाकघर धुऊन-पुसून मोकळं, आणि मग दोघांनी तासभर काहीही करायचं नाही. आंघोळ, कपडे, थोडं पडणं. या तासाला लोक काट मारतात, आणि मग घामेजलेल्या अवस्थेत ग्लास हातात घेतात. तुम्ही मारू नका. साडेसातला चार वाट्या. त्यात नुसते घोट होतात. आठच्या सुमारास ओट्यापाशी बोंबील, पहिला पूर्ण ग्लास. तिथे घाई नको, अर्धा तास सहज जातो. मग कोळंबी गॅसवर, चार मिनिटं, आणि खाली बसायचं. टेबल नसेल तर चटई आणि चौरंग उत्तम. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात, म्हणजे दोघांना अडीच-अडीच. पहिल्यांदा मन लावून पिणाऱ्यांना एवढं भरपूर आहे. शेजारी पाण्याचा तांब्या हवाच, जितकी वाइन तितकं पाणी.

हे तुमच्यापुरतं झालं. पण बजेटचा प्रश्न इतरांनाही असतो, म्हणून थोडं खाली आणि थोडं वर जाते.

हातात सात-आठशेच असतील तर पूर्ण बाटलीचा हट्ट नको. काही वाइन ३७५ मिलीच्या अर्ध्या बाटलीत आणि काही छोट्या कॅनमध्ये मिळतात. दोन ग्लास चांगली वाइन ही एक बाटली सुमार वाइनपेक्षा केव्हाही बरी. बरोबर साबुदाणा वडा किंवा कोथिंबीर वडी. कोथिंबीर वडीचे उंडे सकाळी उकडून ठेवता येतात, रात्री कापून ओट्यापाशी तळायच्या. तिला सोव्हिन्यो ब्लाँ ही पांढरी वाइन फार छान जाते, कारण त्या द्राक्षाच्या वाइनलाही ताज्या हिरव्या पाल्यासारखा वास असतो. अळूवडीत चिंच-गूळ असतो, तिला चेनिनच हवी. फेसाळती वाइन मिळाली तर साबुदाणा वड्यासारख्या तळलेल्या खारट पदार्थाला तिच्याइतकं काहीच शोभत नाही, बुडबुडे तोंडातलं तेल धुऊन काढतात. फक्त उघडताना सांभाळा. आत मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त दाब असतो. बाटली तिरकी धरा, बुचावर अंगठा कायम ठेवा आणि बूच न फिरवता बाटली फिरवा. मोठा आवाज व्हायला नको, हलका सुस्कारा यायला हवा.

पोर्ट नावाने मिळणाऱ्या स्वस्त गोड बाटल्यांना लोक नाकं मुरडतात. मी मुरडत नाही. पण ती जेवणाबरोबर घ्यायची वाइन नाही. गार करून, छोट्या ग्लासात, जेवणानंतर. बेबिंका, म्हणजे गोव्याचा थरांचा गोड पदार्थ, मिळाली तर तिच्याबरोबर गोव्याची पोर्ट सुंदर लागते, कारण गोड पदार्थाइतकी किंवा त्याहून जास्त गोड वाइनच तिथे टिकते. याच कारणाने पुरणपोळीला लेट हार्वेस्ट चेनिन, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाइन. सुलाची ती अर्ध्या बाटलीत येते. तूप सोडलेली पुरणपोळी आणि मधासारखी गार वाइन, ही जोडी एकदा तरी कराच.

मटण खाणाऱ्यांसाठी: तांबड्या रश्श्याबरोबर मी वाइन देत नाही, रस्सा जिंकतो आणि वाइन नुसती जळजळ वाढवते. त्याऐवजी मटण सुक्कं, लाल तिखट कमी आणि काळी मिरी जास्त, आणि शिराझ ही लाल वाइन. काळ्या मिरीला तिचा खास वास देणारं रोटंडोन नावाचं द्रव्य शिराझ द्राक्षाच्या सालीतही सापडतं, त्यामुळे ही जोडी ओढूनताणून जमवलेली नाही. सुक्कं आदल्या दिवशी केलेलं जास्त मुरतं, म्हणजे त्या रात्री गॅसपाशी उभं राहण्याचा प्रश्नच नाही. चुलीवर किंवा गॅसवर खरपूस भाजलेल्या वांग्याचं भरीतही शिराझला चालतं, फक्त कच्चा कांदा कमी घाला.

आणि पाच हजार किंवा जास्त असतील तर? दुसरी बाटली घेऊ नका. दोघांना दोन बाटल्या म्हणजे पाच-पाच ग्लास, त्यात संध्याकाळ आठवत नाही. एक बाटली वरच्या दर्जाची घ्या: नाशिककडची एखादी ब्रूत (कोरडी फेसाळती वाइन), किंवा लाल हवी तर अकलूजकडच्या फ्रातेल्लीची सांजोवेझे, ग्रोव्हर झंपाची ला रिझर्व्ह, सुलाची रासा शिराझ, तुमच्या ताटाप्रमाणे. उरलेले पैसे वेळ विकत घेण्यात घाला. स्वयंपाकाला कुणाची मदत, नाहीतर आठवड्यातल्या मधल्या दिवशी नाशिकला जाऊन द्राक्षमळ्यात एक रात्र. शनिवार-रविवारी तिथे गर्दी असते आणि माणसाशी बोलायला कुणाला सवड नसते. मंगळवार-बुधवारी चाखवणारी मुलं-मुली मन लावून सांगतात. तिथे जाणार असाल तर गाडी चालवणारा आधी ठरवा आणि त्याने घोट घ्यायचा नाही.

दोघांपैकी एकजण पीतच नसेल, औषधं चालू असतील, दिवस गेलेले असतील, किंवा नुसतं नको असेल, तर आग्रह अजिबात नको. त्याच ग्लासात, तितकंच गार, साखर अगदी कमी घातलेलं कोकम सरबत द्या. रंग, आंबटपणा, मीठ, सगळं जेवणाशी जुळतं. चार वाट्यांचा खेळ कोकमावरही होतो. मी अशी कितीतरी जेवणं आखली आहेत आणि त्यात कमी काही वाटलं नाही.

वाइन उरली तर झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा, तीन दिवस नीट राहते. दोन-तीन बोंबील मुद्दाम न तळता मसाला लावून ठेवा. दुसऱ्या दिवशी दुपारी, मुलगी घरी यायच्या आधी, ते तळा आणि उरलेली वाइन दोघांत वाटून घ्या. चव थोडी बदललेली असेल, जरा मंद, जरा मधाकडे झुकलेली. आदल्या रात्रीच्या पहिल्या घोटापेक्षा ती कशी वेगळी आहे हे तुमचं तुम्हाला सांगता येईल.